पेत्राचा वन्समोर

सौंदडच्या पास्टर खेमराजचा सैतान बघायला लोक चार गावं ओलांडून यायचे. यात सैतानाची काही चूक नव्हती, आणि आपलीही नाही, असं खेमराजचं प्रामाणिक मत होतं. उपदेशात सैतान आला की त्याला सैतानासारखं बोलावंच लागतं. आता तो बोलायला लागला की बायकांच्या कडेवरची पोरं रडायची थांबतात, माणसं सतरंजीवर पुढं सरकतात आणि खिडकीच्या गजांना पोरं वटवाघळासारखी लटकतात, तर त्याला बिचारा पास्टर काय करणार?

सभा भरायची ती एका बंद पडलेल्या राईस मिलच्या गोदामात. खाली फरशी, वर पत्रे आणि भिंतींना धानाच्या कोंड्याचा कायमचा वास. एकदा सैतान येशूला मोहात पाडत असताना असा काही हसला, की पत्र्यांच्या सांध्यांत वर्षानुवर्षं दडून बसलेला कोंडा भसकन झडला आणि पुढं बसलेल्या शांतीबाईच्या डोक्यावर पडला. म्हातारीनं तो झटकलासुद्धा नाही. घरी जाऊन सुनेला म्हणाली, "पाष्टर हासला न वो, तं वरून परसाद पडला!"

खेमराजची बायको रीता मात्र असल्या प्रसादानं भारावणारी नव्हती. ती गोंदिया शहरातली, त्यामुळे तिची मराठी अर्धी हिंदीत बुडालेली आणि जीभ पूर्ण तिखटात. ती शिलाईचं काम करायची आणि बोलायचीही तशीच, मोजून कापून. त्या रविवारी जेवताना ती म्हणाली, "अजी, आज सैतान एकदम मस्त झाला. येशू जरा कमजोर पडला."

खेमराजला हे लागलं. पण त्यानं भाजी वाढून घेतली आणि विषय पोटात घातला.

लागायचं कारण असं, की पास्टर होण्याआधी खेमराज झाडीपट्टीच्या नाटकांत खलनायक होता. दिवाळी सरून धान हाती आलं की या भागात गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते, आणि मंडईला नाटक नाही ते गाव सोयरिकीला हलकं पडतं. अशा कितीतरी स्टेजवर खेमराजनं गरिबांच्या जमिनी लाटल्या, म्हाताऱ्या बापांना लाथा घातल्या आणि शेवटच्या अंकात मुकाट्यानं मार खाल्ला. एका मंडईत तर समोर बसलेल्या एका बाईला त्याचा इतका संताप आला, की तिनं पायातली चप्पल काढून त्याच्या नाकावर मारली. ही बाई म्हणजे सौंदडच्याच हिरालालची बायको रुख्मा. खेमराजच्या लेखी तो त्याच्या आयुष्यातला सर्वांत मोठा पुरस्कार होता. हिरालाल चांगला तलावाखालची शेती असलेला माणूस, पण नाटकाचं वेड असं, की बायकोनं चप्पल मारली त्याचाही त्याला अभिमान. "माह्याच बायकोनं मारली, दुसऱ्या कोनाची हिंमत हाय काय?" असं तो वर सांगायचा.

मग एका पावसाळ्यात खेमराजला काविळीनं धरलं. गोंदियाच्या दवाखान्यात तो पिवळा होऊन पडला. नाटक कंपनीचा मालक काही फिरकला नाही. सोबतचे नट एकदा आले, केळी आणली आणि गप्पा मारता मारता त्यांनीच खाऊन टाकली. बाजूच्या खाटेवरच्या रोग्याला भेटायला शालीकराम नावाचा एक म्हातारा पास्टर यायचा. तो रोगी बरा होऊन घरी गेला, तरी म्हातारा यायचाच, खेमराजसाठी. बोलायचा कमी. उलटीचं भांडं धुवायचा, पाणी पाजायचा, बसायचा. खेमराजनं एकदा वैतागून विचारलं, "बाबा, तुमी माहे कोन लागता? कायले येता?" त्यावर शालीकरामबाबानं जे सांगितलं ते ऐकून खेमराज बदलला. काय सांगितलं ते फार मोठं नव्हतं. मी असाच पडलो होतो, तेव्हा माझ्यासाठी कोणीतरी आलं, एवढंच.

आता खरं सांगायला हरकत नाही, शालीकरामबाबांचा उपदेश म्हणजे झोपेचं औषध. एका सुरात, एका चालीत, उन्हाळ्यातल्या पंख्यासारखा. अर्धी सभा डुलायची आणि उरलेली अर्धी डुलणाऱ्यांना कोपर मारायची. पण कोणाच्या घरी मयत झाली, कोणाचं पोर तापानं फणफणलं, की नातेवाइकांच्या आधी बाबा दारात हजर. गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा ते तिरोड्याला मुलाकडे राहायला गेले आणि सौंदडची सभा खेमराजच्या हाती देऊन गेले. तात्पुरती. पास्टरपदाची पक्की दीक्षा द्यायची की नाही ते सभेची वडीलमंडळी ठरवणार होती, आणि वडीलमंडळी शालीकरामबाबांच्या शब्दाबाहेर नव्हती.

त्यासाठी बाबा एका रविवारी त्याचा उपदेश ऐकायला येणार असं कळलं, आणि खेमराजच्या अंगात जुनी मंडई शिरली. त्यानं येशूचा शिष्य पेत्र याची गोष्ट निवडली. गुरूला धरून नेलंय, बाहेर शेकोटीपाशी पेत्र उभा आहे, तीनदा विचारतात, तीनदा तो म्हणतो मी त्याला ओळखत नाही, आणि कोंबडा आरवतो. काय प्रसंग! शेकोटी आहे, नकार आहे, रडणं आहे, आणि कोंबडा आहे. कुठल्या नटाला झोप लागेल?

रविवारी गोदाम खच्चून भरलं. बाबा पुढं खुर्चीवर, हात काठीवर. मागं दाराशी हिरालालही येऊन बसला होता. तो काही सभेचा माणूस नव्हता. "आमचा देव येगळा, पन तुयी ॲक्टिंग एक नंबर," असं त्याचं साधं गणित होतं.

खेमराजनं शेकोटीवर हात शेकले तेव्हा पुढच्या बायकांनी पदर आवरून घेतले. दासी झाला, तिच्या आवाजात पेत्राला टोकलं. शिपाई झाला. आणि मग मान वर करून त्यानं असा कोंबडा आरवला, की शेजारच्या अंगणातला खरा कोंबडा भर अकरा वाजता उत्तर देऊ लागला. हसू फुटायच्या आत खेमराज गुडघ्यांवर पडला, खांद्यावरची शाल डाव्या बाजूनं घसरली आणि तो पेत्रासारखा रडला. बायका रडल्या. शांतीबाईनं नाक शिंकरलं. सगळं गोदाम स्तब्ध झालं.

त्या शांततेत दाराशी हिरालाल उभा राहिला, दोन्ही हात वर केले आणि जिवाच्या आकांतानं ओरडला, "वन्समोर!"

झाडीपट्टीच्या नटाला हा शब्द म्हणजे सरकारी हुकूम. खेमराजच्या डोक्यात काही शिरायच्या आत त्याचे पाय उठले, दोन पावलं मागं गेले आणि जागेवर उभे राहिले. शेकोटी पेटली. दासी बोलली. कोंबडा आरवला, अंगणातल्यानं पुन्हा साथ दिली. खेमराज गुडघ्यांवर पडला, शाल त्याच बाजूनं घसरली, आणि डोळ्यांतून पाणी आलं ते त्याच शब्दावर, तितकंच.

रडता रडता त्याच्या लक्षात आलं, आपण काय करतोय ते. पण वन्समोर अर्धा सोडणं म्हणजे प्रेक्षकाचा अपमान. म्हणून त्यानं तो पूर्ण केला, आणि हीच सगळ्यात वाईट गोष्ट झाली. टाळ्यांनी पत्रे हादरले. शालीकरामबाबांचे हात काठीवरून हलले नाहीत.

दुपारी बाबा खेमराजच्या घरी जेवायला बसले. वरण-भात कालवून त्यांनी दोन घास खाल्ले.

"कोंबडा मस्त होता," ते म्हणाले.

"हाव बाबा?" खेमराजचं तोंड उजळलं.

"हाव. शेजारचा बी फसला." बाबांनी तिसरा घास घेतला. "पह्यल्यांदा रडला तो पेत्र रडला. दुसऱ्यांदा कोन रडला, बाबू?"

रीता स्वयंपाकघरातून पाणी घेऊन येत होती, ती दारातच थांबली.

"आपन पाट आहो, पानी नोहो," बाबा हळू आवाजात म्हणाले. "लोकं पाटाच्या काठावर बसून, वा काय पाट हाय, वा काय पाट हाय म्हनत राहिले, आन बांधीत थेंब नाही गेला, तं धान कायचा पिकते? मी पुढच्या रविवारी अजून येतो. मंग सांगतो वडीलमंडळीले."

ते गेले. खेमराज ओसरीवर बसून राहिला. त्याला लाज वाटत होती आणि रागही येत होता, आणि राग नेमका कोणावर काढावा ते कळत नव्हतं. हिरालालवर काढावा तर त्यानं मनापासून दाद दिली होती.

सोमवारपासून खेमराजनं साधं बोलायचा सराव सुरू केला. आरशापुढं उभा राहिला, हात बांधले, आवाज खाली आणला आणि एका सुरात पेत्राची गोष्ट सांगू लागला. रीता शिलाई मशीनवरून बघत होती.

"अजी, हे कोन?"

"कोन म्हंजे? मी आहो. साधा."

"ये तो शालीकरामबाबा है. गुडघा कायले चोळून राहिले? तुमचा तं दुखत नाही!"

खेमराजनं गुडघ्यावरचा हात काढला. दुसऱ्या दिवशी त्यानं शाल बाजूला ठेवली, केस सपाट बसवले आणि अडखळत, शब्द शोधत बोलू लागला. हे त्याला स्वतःला फार आवडलं. रीतानं सुईत दोरा ओवला आणि म्हणाली, "आता साध्या मानसाचा पार्ट करून राहिले काय?"

तेव्हा मात्र त्याचा तोल गेला. "मंग करू काय मी? माह्या आवाजात बोलतो तं सैतान येते. आवाज बदलतो तं बाबा येतेत. माहा आवाज हाय तरी कोनता?"

"कल दूधवाले से झगड़ रहे थे ना, पानी काऊन टाकते म्हनून? तो तुमचा आवाज."

"तो सभेत चालते काय?"

रीताला हसू आलं, पण नवऱ्याचा चेहरा बघून तिनं ते गिळलं. खेमराज घाबरला होता. एवढी सोंगं उतरवल्यावर आत कोणी निघालंच नाही तर? येशूला सुळावर चढवणारा पिलात चांगला, त्याला धरून देणारा यहूदा चांगला, सैतान तर सोन्याहून पिवळा, आणि खेमराज म्हणून उभं राहायला माणूसच नाही. असा माणूस लोकांना देवाचं काय सांगणार? तो तीन-चार दिवस नीट जेवला नाही आणि दूधवाल्याशीही भांडला नाही.

इकडे गावात बातमी पसरली होती, की पाष्टर या रविवारी पुन्हा कोंबडा करणार. रविवारी सकाळी गोदामासमोर फुटाणेवाल्यानं गाडी लावली. तेवढ्यात हिरालालचा फोन आला.

"पाष्टर, स्टेशनवर ये. रुख्माले गोंदियाले नेऊन राहिलो. पोटात गाठ हाय, उद्या आपरेशन हाय. ते म्हनते, पाष्टरले भेटल्याबिगर गाडीत नाही बसत."

गाडी नऊची, सभा दहाची. खेमराजनं पांढरा शर्ट चढवला आणि सायकल स्टेशनकडे हाणली.

फलाटावरच्या बाकावर रुख्मा बसली होती. नाकावर चप्पल हाणणारी ती बाई एवढीशी झाली होती. हिरालालनं खेमराजला बाजूला घेतलं आणि कानात म्हणाला, "तिले जरा पेत्र करून दाखव. बाकी नाही जमलं तं कोंबडा तरी कर. लय भेली हाय, जीव रमंल तिचा."

खेमराजनं सवयीनं घसा साफ केला. पण रुख्मानं त्याचा हात धरला आणि धरूनच ठेवला. एवढ्यात गाडी आली. चढतानाही तिनं हात सोडला नाही, म्हणून तिला बसवून उतरू या विचारानं खेमराज आत शिरला. तिला बसवलं, पिशवी वर ठेवली, आणि तोवर सौंदडचं स्टेशन खिडकीतून मागं निघालं होतं.

त्यात तिकीट तपासनीस आला.

"टीसीले रडून दाखव," हिरालाल कुजबुजला. "तुह्या रडन्यानं तोच आपल्याले चाय पाजंल."

खेमराजला मोह झाला नाही असं नाही. दवाखान्यात मरायला टेकलेल्या भावाकडे निघालेला गरीब भाऊ त्याच्या डोळ्यांत जवळजवळ उभा राहिला होता. पण रुख्मा त्याच्याकडे बघत होती. "साहेब, तिकीट नाही," तो म्हणाला. "बसवाले आलतो, गाडी सुटली." तपासनिसानं अशी वाक्यं जन्मभर ऐकली होती. त्यानं दंडाची पावती फाडली. "एवढा मोठा कलाकार, आन दंड भरते!" हिरालालच्या काळजाला घरं पडली.

गाडीनं वेग घेतला. दोन्ही बाजूंनी उन्हाळी धानाच्या बांध्या सरकत होत्या. रुख्मा म्हणाली, "पाष्टर, खरं सांग. मी वाचीन ना?"

खेमराजकडे मरणावरची भाषणं पोत्यानं होती. सगळी एकदम ओठांपर्यंत आली. तिला काही होणार नाही असं खर्जात सांगितलं असतं, तर सगळा डबा टाळ्या वाजवून मोकळा झाला असता. पण तिनं विचारलं होतं खरं.

"मले माहीत नाही, वयनी."

हिरालालनं डोळे वटारले. खेमराज तसाच पुढं बोलला, "डॉक्टरले थोडंसं माहीत असंल. देवाले पूरं माहीत हाय. मले नाही."

"मंग तुले काय माहीत हाय?"

खेमराजनं खिडकीबाहेर पाहिलं, परत तिच्याकडे पाहिलं. "इतकंच, का तो सोडत नाही. पेत्र म्हने मी याले वळखत नाही, तरी त्याले सोडलं नाही. मी तं... मी काविळीत पडलो होतो, काही कामाचा नव्हतो, तरी मले सोडलं नाही. आता बी रोज त्याच्या नावानं नाटक करतो, तरी नाही सोडलं. तुले कायले सोडंल तो?"

रुख्मा म्हणाली, "कर तुयी प्रार्थना. पन नाटक नको करू."

खेमराजनं डोळे मिटले आणि सुरुवात केली, आणि तिथंच अडकला. पुन्हा सुरुवात केली. आवाज चिरका निघाला, मध्येच फुटला, नाक वाहायला लागलं आणि शालही नव्हती पुसायला. दवाखान्याचं नाव चुकलं. डॉक्टरसाठी काय मागायचं ते विसरला, रुख्मासाठी तेच दोनदा मागितलं. शेवटी त्याला एवढंच सुचलं, "बाप्पा, ते भेली हाय. मी बी भेलो. तू राहा तिच्यासंगं. आमेन."

समोरच्या बाकावरचा एक प्रवासी दुसऱ्याला म्हणाला, नवीन दिसतो.

"आज तं तुले बोलताच नाही आलं," रुख्मा म्हणाली.

"हाव. नाही आलं."

"बरं झालं." तिनं त्याचा हात सोडला, डोकं खिडकीला टेकवलं आणि डोळे मिटले.

पुढचं स्टेशन आलं, तसा हिरालाल लगबगीनं उठला. "उतर आता. माहा पोरगा वीरेंद्र मोटरसायकलनं मागून येऊनच राहिला, त्याले फोन करून इथं थांबवतो. तुले वापस नेऊन सोडंल. दहाला पोचतो तू. बाबा आले असतीन ना?"

बाबा आले असणार. वडीलमंडळी आली असणार, सतरंजीवर जागा राहिली नसणार. आज उभा राहिला नाही तर दीक्षेचं काय होणार ते खेमराजला ठाऊक होतं. तो दारापर्यंत गेला. मागं वळून पाहिलं. रुख्मा थांब म्हणाली असती तर सोपं झालं असतं, पण ती काही म्हणाली नाही. तिचा हात बाकावर तसाच पडला होता, उघडा. खेमराज परत येऊन त्या हाताशेजारी बसला. गाडी हलली.

त्यानं रीताला फोन लावला. मागून गर्दीचा गलका ऐकू येत होता, त्यात फुटाणेवाल्याची हाळीही. सगळं ऐकून रीतानं फक्त "रुको" म्हटलं आणि फोन शालीकरामबाबांच्या हातात दिला.

"बाबा," खेमराज म्हणाला, "माफी करा. मी रुख्मावयनीसंगं दवाखान्यात जाऊन राहिलो. लोकाईले सांगा, आज माह्यानं उपदेश देनं नाही होत."

"देऊन तं राहिला, बाबू," म्हातारा म्हणाला, आणि त्यानं फोन रीताकडे दिला.